बीएमडब्ल्यू ई४६ ३३०आय: तीन वर्षं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू (सहा सिलिंडरचं वेड असणाऱ्यांसाठी)

आधीच सांगतो, ही नवीन गाडी नाहीये, ई४६ म्हणजे बीएमडब्ल्यूच्या ३ सिरीजची एक जुनी पिढी. २००२ ची, चंदेरी, मॅन्युअल, चार दारांची ३३०आय, म्युनिकजवळ सेकंडहँड घेतली तेव्हा १ लाख ६८ हजार किलोमीटर झालेली होती आणि आता २ लाखांना टेकलीये. ऑफिसला मी ट्रामने जातो. ही गाडी शनिवार-रविवारची, त्यामुळे रोज बंपर टू बंपर ट्रॅफिकमध्ये काढणाऱ्याने माझ्या मतातून थोडं वजा करूनच वाचावं.

जुनी गाडीच का आणि सहाच सिलिंडर का हे सगळेच विचारतात, तर त्याचं उत्तर आमच्या चिंचवडच्या पार्किंगमध्ये आहे. बाबांची मारुती ८००. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. सिग्नलला उभी राहिली की गिअरचा दांडा डोलायचा, आतल्या आरशात मागची पीएमटीची बस दोन-दोन दिसायची, आणि लहानपणी मला वाटायचं गाडी म्हणजे थरथरणारच, त्यात काय. पुढे इंजिनिअरिंगला कळलं की तीन सिलिंडरची ती थरथर कुठून येते. पुढचा आणि मागचा पिस्टन एकाच वेळी वर-खाली होत नाहीत, त्यामुळे इंजिन बागेतल्या सीसॉसारखं पुढून-मागून डुलतं. आता गंमत बघा, असंच दुसरं तीनाचं इंजिन घ्या, उलटं फिरवून पहिल्याच्या पाठीला पाठ लावून जोडा, की पुढच्या अर्ध्याचं डुलणं मागचा अर्धा खाऊन टाकतो. एक नंबरचा पिस्टन सहाबरोबर, दोनचा पाचबरोबर, तीनचा चारबरोबर. झालं तुमचं स्ट्रेट सिक्स, म्हणजे एका रांगेत सहा सिलिंडर. म्हणजे ज्या थरथरीत मी लहानाचा मोठा झालो तीच दोनदा घेतली की शून्य होते, हे ज्या दिवशी वहीत आकृती काढून कळलं त्या दिवसापासून हे इंजिन डोक्यात बसलं ते बसलंच.

आणि ताकद पण सलग येते. ८०० मध्ये क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, २४० अंश फिरला की एक स्फोट, इथे दर १२० अंशाला. एका सिलिंडरचा जोर ओसरायच्या आत पुढचा धक्का द्यायला तयार. १-५-३-६-२-४ अशी क्रमवारी, मला फोन नंबरसारखी पाठ आहे, बायको म्हणते लग्नाची तारीख पण अशीच पाठ ठेव.

बरं, गाडीकडे येतो. इंजिन एम५४, २९७९ सीसी, २३१ पीएस, ३०० न्यूटन मीटर, टर्बो नाही. ०-१०० साडेसहा सेकंद असं कंपनी सांगायची. आजच्या हिशोबात हे आकडे काही फार नाहीत हो, एखादी साधी इलेक्ट्रिक गाडी पण सिग्नलला हिला मागे टाकते, टाकूदे. नुसत्या वेगासाठी ही घेत असाल तर नका घेऊ. ही घ्यायची ती ३००० ते ६५०० आरपीएमच्या (इंजिनचे मिनिटाला फेरे) मधल्या प्रवासासाठी. खाली २००० ला नुसता गुरगुरल्यासारखा आवाज, ३५०० ला छातीत भरल्यासारखं होतं, आणि ५००० च्या वर आवाज चढतो पण फाटत नाही, चांगल्या गायकाने तार सप्तकात जाऊन पण गळा ताणू नये तसा. टर्बोवाल्या गाडीत पेडल दाबलं की एकदम लोंढा येतो आणि मग तुमचं काम संपतं, इथे प्रत्येक मिलिमीटरला पायाला उत्तर मिळतं.

नाण्याची टेस्ट केली का असं दोघातिघांनी विचारलं म्हणून सांगतो, केली. पाकिटात जुनं जाडं पाच रुपयांचं नाणं असतं माझ्या, ते चालू इंजिनच्या वरच्या कव्हरवर कडेवर उभं केलं. राहिलं की राव उभं. मग जोशात येऊन व्हिडिओ काढायला गेलो, तेवढ्यात हात बॉनेटला लागला आणि नाणं गेलं खाली इंजिनच्या खोपच्यात, ते काढायला पाऊण तास गेला. इंजिनची चूक नाही, माझी.

चालवायला कशी? मागच्या चाकांना पॉवर, स्टिअरिंग हायड्रॉलिक, बॅटरी डिकीत ठेवलीये म्हणजे पुढचं-मागचं वजन जवळजवळ निम्मं-निम्मं. कोखेल तलावावरून वालखेन तलावाकडे चढणारा केसेलबेर्गचा घाट आहे, वळणावर वळण, आपल्या वरंध घाटाची आठवण येते फक्त खड्डे आणि माकडं वजा. तिथे वेगमर्यादा आहे आणि पोलीस पण असतात, पण ही गाडी साठला पण मजा देते हाच तर मुद्दा आहे, तिसऱ्या गिअरमध्ये टाका आणि नुसत्या पायाने वळणं घ्या. माझी पाच गिअरची आहे, २००३ पासून सहा गिअर आले, हायवेला सहावा हवा होता असं वाटतं कारण मोकळ्या ऑटोबानवर आवाज जरा जास्त होतो, गार्मिशच्या रस्त्याला जाताना बायकोने दोनदा रेडिओ वाढवला आणि मी दोनदा कमी केला.

आता खर्च, कारण खरा रिव्ह्यू इथे सुरू होतो.

ई४६ आता वीस-पंचवीस वर्षांची झालीये, आणि या वयात तिचं लोखंड ठणठणीत असतं पण रबर आणि प्लास्टिक म्हातारं होतं. सगळ्यात आधी कूलिंग. पाण्याची टाकी प्लास्टिकची, थर्मोस्टॅटचं घर प्लास्टिकचं, होजची तोंडं प्लास्टिकची, तापून-गार होऊन कडक होतात आणि एक दिवस तडकतात. इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं, एकदा नीट तापलं की वाकतं, मग बसा रडत. वर गंमत म्हणजे डॅशबोर्डवरचा टेंपरेचरचा काटा मुद्दाम असा बनवलाय की बऱ्याच मोठ्या रेंजमध्ये तो मधोमध शांत बसून राहतो, म्हणजे काटा हलला तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून जाणकार लोक दर लाखभर किलोमीटरला सगळं कूलिंग एकगठ्ठा बदलतात, तुटायची वाट बघत नाहीत. माझ्या आधीच्या मालकाने दीड लाख किलोमीटरला केलेलं, बिलं फाइलला लावलेली, आणि मी गाडी नाही खरं म्हणजे ती फाइल विकत घेतली.

मग व्हॅनोस, म्हणजे व्हॉल्व्हचं टायमिंग पुढे-मागे करणारं युनिट, त्याची आतली सील कडक झाली की खालच्या आरपीएमला गाडी झोपते. लोकांना वाटतं इंजिनच म्हातारं झालं. हे माझ्या गाडीत होतं, सील बदलल्यावर २००० ते ३००० मध्ये एवढा फरक पडला की मी त्या दिवशी घरी जायचा रस्ता मुद्दाम चुकलो. डिसा नावाची एक झडप असते इनटेकमध्ये, तिची पिन तुटली तर तुकडे इंजिनच्या पोटात जाऊ शकतात, काढून बघायला दहा मिनिटं लागतात, बघाच. व्हॉल्व्ह कव्हरचं गास्केट, ऑइल फिल्टरच्या घराचं गास्केट, हे दोन्ही पाझरतात. ऑइल थोडं पितं पण, तीन लिटरवालं एम५४ त्यासाठी प्रसिद्धच आहे, एक लिटरचा डबा डिकीत ठेवायचा आणि मनाला लावून घ्यायचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी लिफ्टवर चढवून मागच्या सबफ्रेमचे, म्हणजे मागचं सस्पेंशन ज्या चौकटीवर बसतं तिचे, जोड बघितल्याशिवाय एक युरो पण देऊ नका. तिथे पत्र्याला चिरा जातात, हा ई४६ चा जगजाहीर दुखरा गुडघा आहे. वेल्डिंग करून प्लेटा लावता येतात, पण गाडीच्या किमतीच्या जवळ जाईल असं बिल होऊ शकतं.

घ्यायच्या आधी मी चार गाड्या बघितल्या. त्यातली एक इतकी चकाचक होती की मी नाव लिहून द्यायलाच निघालेलो. ठरलेल्या वेळी पोचलो, सहज बॉनेटला हात लावला तर गरम. विक्रेता म्हणाला आत्ताच एक जण ट्रायल घेऊन गेला. असेल बाबा. पण जुनी गाडी थंड असतानाच खरं बोलते, थंड स्टार्टलाच चेनचा, टॅपेटचा आवाज कळतो, म्हणून मी म्हटलं उद्या सकाळी येतो, गाडी हलवू नका. सकाळी सात वाजता त्याचा मेसेज, विकली गेली. बरं झालं.

माझी ही सापडली ती गावाकडच्या एका छोट्या गॅरेजवाल्याच्या ओळखीतून. साठीचा माणूस, आयुष्यभर फक्त सहा सिलिंडरच उघडलेत असं वाटतं. लॅपटॉप लावायच्या आधी ऑइलचं झाकण उघडतो, वास घेतो, हात पुसतो, आणि सगळं ठीक असेल तर एकच शब्द, पास्ट, म्हणजे जमतंय. बव्हेरियन माणसाकडून याहून मोठं कौतुक मिळत नाही. मी त्याला एकदा म्हटलं आजकालच्या ३३०आय बद्दल काय मत आहे, तर तो नुसता चार बोटं दाखवून हसला. खरंय ते, आता मागे ३३० लिहिलेलं असतं पण पुढे दोन लिटरचं चार सिलिंडर टर्बो असतं. सहा सिलिंडर हवं तर वरचं मॉडेल घ्या, आणि त्यातलं बी५८ नावाचं इंजिन सुद्धा जबरदस्त आहे, उगाच जुनं ते सोनं म्हणणाऱ्यातला मी नाही. फक्त ते टर्बो आहे आणि त्याचे पैसे माझ्याकडे नाहीत.

तसं बघायला गेलं तर म्युनिकमधलं यांचं हेडक्वार्टर पण चार सिलिंडरच आहे. १९७२ च्या ऑलिम्पिकच्या वेळी उभी राहिलेली ती चार गोल मनोऱ्यांची इमारत, इथले लोक तिला फियरझिलिंडरच म्हणतात. १९३३ मध्ये ३०३ या गाडीला पहिलं ११७३ सीसीचं सहा सिलिंडर लावणाऱ्या, १९३६ ची ३२८ ही गाडी काढून १९४० ची मिले मिलिया ही इटलीतली शर्यत जिंकणाऱ्या, एम१ आणि पहिल्या एम५ या गाड्यांमध्ये सहाच सिलिंडर घालणाऱ्या कंपनीचं ऑफिस चार सिलिंडरचं. शेजारी म्युझियम आहे, पुण्याहून कोणी आलं की मी तिथे नेतोच, सोमवारी बंद असतं तेवढं बघा.

रोजच्या खर्चाचे आकडे: अशा जुन्या गाडीला टॅक्स इथे सीसीवर, वर्षाला २०२ युरो. टीयूव्हीची तपासणी दर दोन वर्षांनी, दोनपैकी दोनदा पास. पेट्रोल शहरात १०० किलोमीटरला १२-१३ लिटर, बाहेर ९. बाबा मागच्या उन्हाळ्यात आलेले तेव्हा गाडीत बसल्याबसल्या पहिला प्रश्न, ॲव्हरेज काय देते. मी लिटरमध्ये सांगितलं म्हणजे कळणार नाही असं वाटलेलं, त्यांनी दोन सेकंदात भागाकार केला आणि म्हणाले आठ? आपली ८०० अठरा द्यायची. मग मी बोगद्यात काच खाली करून तिसऱ्यात टाकली. बाहेर आल्यावर म्हणाले, पुढे अजून एखादा बोगदा आहे का रे?

इंडियाला घेऊन ये असं मित्र म्हणतात. नाही येत रे. तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी आणता येत नाही आणि स्टिअरिंग पण उजवीकडे लागतं. इथेच राहणार ती.

कोणासाठी नाही: ज्याच्याकडे एकच गाडी आहे त्याच्यासाठी नाही. ज्याला वॉर्निंग लाइट बघून घाम फुटतो त्याच्यासाठी नाही. गाडीच्या किमतीचा निदान तिसरा हिस्सा बाजूला ठेवल्याशिवाय घेऊ नका, आणि स्वस्त बघून ऑटोमॅटिक घेऊ नका, मग त्या इंजिनचं काय केलंत.

५ पैकी साडेचार. अर्धा कापला तो कपहोल्डरसाठी, त्यात कागदी कप सुद्धा धड बसत नाही, घाटात तर चहा मांडीवरच येतो. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचा नवा सेट मागवून पलंगाखाली ठेवलाय, दीड लाख किलोमीटरला बसवलेला जुना अजून चांगला चाललाय पण पुढच्या शनिवारी गॅरेजवाल्याने वेळ दिलीये, म्हणाला सकाळी ये, इंजिन थंड असू दे.