जुन्या १.६ एमएक्स-५ चे ब्रेक कमी खर्चात सुधारले: एक हिवाळा आणि एक उन्हाळा वापरल्यानंतर

गाडी १९९० ची माझदा एमएक्स-५, १.६ इंजिनाची. जपानहून आयात झालेली, त्यामुळे मागे नाव युनोस रोडस्टर. मी इंग्लंडमध्ये स्विंडनला राहतो. ऑफिसला जायला दुसरी गाडी आहे. ही शनिवार-रविवारी बाहेर काढायची आणि अधूनमधून जवळच्या कॅसल कूमच्या ट्रॅकवर न्यायची. ब्रेकचं काम गेल्या शरदात घरीच केलं. त्यानंतर थंडी, मीठ टाकलेले रस्ते, वेल्सचे डोंगर आणि ट्रॅक हे सगळं होऊन गेलंय, म्हणून आता लिहितोय.

एकूण खर्च साडेतीनशे पौंडांच्या आत. मला सगळ्यात मोठा फरक जाणवला तो ताज्या ब्रेक ऑइलने आणि मोकळ्या झालेल्या कॅलिपरने, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणाऱ्या भागाने. मोठ्या डिस्क त्यानंतर बसवल्या आणि त्यांचाही उपयोग झाला, पण ज्याच्याकडे शंभरच पौंड आहेत त्याने डिस्ककडे बघूही नये.

आधी दुखणं काय होतं ते सांगतो, कारण औषध त्यावरच ठरतं. कॅसल कूमला ॲव्हन राइजचा उंचवटा ओलांडला की लगेच क्वारी नावाचं वळण येतं आणि तिथे जोरात ब्रेक लावावाच लागतो. दोन-तीन फेऱ्यांनंतर तिथे पेडल खोल जायला लागलं. पेडल मऊ पडलं की समजायचं, ऑइल उकळतंय आणि वाफेचे बुडबुडे दाबले जातायत. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, असं असेल तर पॅड तापून पकड सोडतायत. ही दोन वेगळी दुखणी आहेत. लोक दोन्हींना ‘ब्रेक फेड’ म्हणतात आणि सरसकट मोठ्या ब्रेकचा किट मागवतात. माझं दुखणं पहिलं होतं.

डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक प्रतवारी) ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असं मानक आहे. तेच ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, आणि ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ अंशांवर येते. म्हणजे वर्षानुवर्षं न बदललेलं ऑइल चौपट महागडे कॅलिपर लावूनही उकळणारच. माझ्या गाडीतून निघालेलं ऑइल कोऱ्या चहासारखं दिसत होतं. चांगल्या डॉट ४ ची एक लिटरची बाटली म्हणजे या सगळ्या कामातली सर्वात स्वस्त वस्तू. सिलिकोनवालं डॉट ५ मात्र आणू नका, ते यात मिसळत नाही. डॉट ५.१ वेगळं, ते चालतं.

ऑइल बदलल्यावर पाइपांतली हवा काढायला बायको पेडलवर बसली होती. ‘दाब’, ‘धर’, ‘सोड’ एवढ्यावर काम चाललं. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाडीत मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) उजवीकडे, म्हणून सर्वात लांबचं चाक आधी: मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. शेजारी पाण्याची बादली ठेवा. ऑइलचा थेंब रंगावर पडला आणि लगेच धुतला नाही, तर रंग जातो.

खरी गोम मागच्या डाव्या कॅलिपरमध्ये होती. या गाडीचे कॅलिपर सरकते आहेत. पिस्टन एकाच बाजूला, त्यामुळे कॅलिपर पिनांवर मोकळा सरकला तरच बाहेरचा पॅड डिस्कला टेकतो. खालची पिन गंजून घट्ट झाली होती. आतला पॅड धातूपर्यंत पोचत आलेला आणि बाहेरचा जवळजवळ कोरा! गाडी मागे एकाच बाजूला धड थांबत होती. दोन्ही मागचे कॅलिपर दुरुस्त केलेले घेतले, जुने परत दिले की अनामत रक्कम मिळते. एका विक्रेत्याकडून आलेल्या कॅलिपरचा रबरी बूट फाटका निघाला. त्याने बदलून दिला, पण गाडी तोवर घोड्यांवरच (उचललेली गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडवर) उभी राहिली. पिनांना सिलिकोन ग्रीसच लावा. तांब्याचं किंवा साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते.

मागच्या कॅलिपरची एक गोष्ट इथल्या गॅरेजवाल्यांनाही नेहमी ठाऊक नसते. हँडब्रेकची जुळवणी आधी कॅलिपरमध्ये करायची असते, केबलवर नंतर. पाठीमागचा टोपीवजा बोल्ट काढला की आत ॲलन कीची जागा दिसते. पॅड डिस्कला टेकेपर्यंत फिरवायचं, मग साधारण एक तृतीयांश फेरा मागे आणायचं. चाक हाताने मोकळं फिरायला हवं. हे न करता केबलच ताणत राहिलं तर हँडब्रेक कधीच नीट लागत नाही आणि लोक या गाडीला उगाच दोष देतात. एमओटीच्या, म्हणजे इथल्या गाड्यांच्या वार्षिक सक्तीच्या तपासणीत माझा हँडब्रेक आधी कसाबसा पास व्हायचा. यंदा त्यावर शेराही नाही.

नंतर पॅड. रस्ता आणि हलका ट्रॅक अशा दोन्हींसाठी असतात तसे घेतले. निव्वळ रेसिंगचे पॅड थंड असताना धरत नाहीत. जानेवारीच्या सकाळी पहिल्याच सिग्नलला ते नको. मी घेतलेले थंडीत पहिल्या दाबालाच धरतात. उणी बाजू म्हणजे गाडी हळू चालत असताना किंचाळतात, आणि चाकांवर काळी पूड इतकी बसते की आठवड्याला धुवावी लागते.

डिस्क सगळ्यात शेवटी. १.६ ला पुढे २३५ मिलिमीटरची डिस्क येते, १९९४ पासूनच्या १.८ ला २५५ ची. कॅलिपर तेच राहतात, फक्त ब्रॅकेट (कॅलिपर जागेवर धरणारा तुकडा), डिस्क आणि पॅड १.८ चे लागतात. भंगारातल्या १.८ चे ब्रॅकेट स्वस्तात मिळाले, घासून रंगवले, आणि १४ इंची चाकं तशीच बसली. म्हणूनच त्याहून मोठ्या, २७० मिलिमीटरवाल्या स्पोर्ट ब्रेकच्या वाटेला गेलो नाही. त्यांना १५ इंची चाकं लागतात आणि खर्च तिथून हाताबाहेर जातो. पुढचे-मागचे दोन्ही बदला. फक्त पुढचे वाढवले तर मागच्या चाकांचा वाटा कमी होतो आणि पुढची चाकं लवकर लॉक होतात, म्हणजे फिरायची थांबून घसरतात. माझ्या गाडीला एबीएस नाही, त्यामुळे हे महत्त्वाचं. भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला छान, पण ट्रॅकवर भोकांपासून तडे जातात. साध्या घ्या. आणि विमा कंपनीला कळवा, इथे फेरफार लपवले तर दावा अडकू शकतो.

आता कसं वाटतं? थांबण्याचं अंतर कमी झालंय का, असं सगळे विचारतात. एका जोरदार ब्रेकपुरतं म्हणाल तर नाही. जुने ब्रेकही चाकं लॉक करू शकत होते, तिथून पुढे टायरचं राज्य. जुने कडक झालेले टायर असतील तर आधी ते बदला. फरक आहे तो दहाव्या ब्रेकला. वेल्समध्ये ए४०६९ वरून ब्लॅक माउंटन उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवूनही पूर्वी खंबाटकी घाटात यायचा तसला करपट वास यायचा. आता येत नाही. क्वारीला पेडल पहिल्या फेरीत जिथे होतं तिथेच शेवटच्या फेरीतही मिळतं, आणि त्या भरवशावर मी वळणाकडे बघतो, पेडलचा विचार करत नाही. या छोट्या, टनभरही नसलेल्या गाडीचा सगळा आनंद त्यातच आहे.

हिवाळ्यात गाडी दोन आठवडे उभी राहिली की डिस्कवर गंज चढतो, पहिले काही ब्रेक खरखरतात आणि मग साफ होतं. धातूची जाळी असलेले होज पाइपही टाकले. पेडल थोडं घट्ट झालं, पण जुने रबरी होज तडकलेले नसतील तर तो खर्च पुढे ढकला.

पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक आहेत. पुढचा खर्च मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लोखंडी ब्रेक पाइपांवर. मिठाने त्यांना वरून गंज धरलाय, तिथे तांबं-निकेलच्या मिश्रधातूचे पाइप टाकणार आहे, आणि त्याच वेळी ऑइलही पुन्हा नवं.