राजदूत ३५०: डाव्या सिलिंडरला नवा लायनर, अकरा महिने आणि ५,४०० किलोमीटरनंतर

काकांची राजदूत ३५० ही दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक मोटारसायकल १९८७ची, म्हणजे एलटी (लो टॉर्क) मॉडेल. मागच्या वर्षी कागल ओलांडून निपाणीकडे जाताना हायवेवर तिचा डावा पिस्टन धरला, म्हणजे सिलिंडरमध्येच जाम झाला. आवाज बदलला, मागचं चाक घसटायला लागलं आणि हात आपोआप क्लचवर गेला, म्हणून गाडीही वाचली आणि मीही. टेम्पोत घालून कोल्हापूरला आणली. सिलिंडर उतरवला तर एक्झॉस्टच्या बाजूला पिस्टनचं ॲल्युमिनियम भिंतीला थापल्यासारखं चिकटलेलं, आणि तुटलेल्या रिंगेच्या तुकड्याने वरपासून खालपर्यंत पाडलेली खोल खाच. उजवा मात्र शाबूत होता.

सिलिंडर गेला, मग नवा आणू, एवढाच विचार मी तेव्हा केला. एका विक्रेत्याकडून नव्या सिलिंडरची जोडी मागवली. दिसायला देखणी, पण ट्रान्स्फर पोर्टमध्ये (भिंतीतल्या ज्या वाटेने मिश्रण सिलिंडरमध्ये येतं त्यात) ओतकामाच्या गाठी तशाच, आणि दोन्हींच्या एक्झॉस्ट पोर्टच्या (धूर बाहेर जायच्या वाटेच्या) उंचीत जवळजवळ एक मिलिमीटरचा फरक. या इंजिनात पिस्टन वर-खाली होताना पोर्ट कधी उघडायचा आणि कधी मिटायचा हे त्या उंचीवरच ठरतं. दोन बाजू दोन वेगळ्या वेळी धूर सोडायला लागल्या तर ट्यूनिंग कितीही करा, गाडी सरळ चालणार नाही. जोडी परत पाठवली. महिना गेला, आणि निम्मे पैसे अजून यायचेत.

मग कोल्हापुरातलं शिवाजी उद्यमनगर, म्हणजे कारखान्यांची वसाहत, गाठलं. मिस्त्रींनी सिलिंडर हातातही घेतला नाही. "आधी इंजान हवा कुठनं वढतंय ते बघू, मग बोअरचं बोलू," म्हणाले. बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून एकेका बाजूच्या क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या बंद कप्प्यात) ६ पीएसआय दाबाने हवा भरली. ती ६ मिनिटं टिकायला हवी. डाव्या बाजूला मिनिटभरही टिकली नाही. साबणाचं पाणी लावलं, तर अल्टरनेटरच्या मागे क्रँकच्या ऑइल सीलवर बुडबुडे. म्हणजे तिथून बाहेरची हवा आत जात होती, डावीकडचं मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होत होतं आणि पिस्टन भाजत होता. मी नवा सिलिंडर घाईने बसवला असता तर तोही असाच गेला असता, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो. इंजिन पूर्ण उघडून क्रँकची दोन्ही सील बदलली. उजवं सील गेलं तर गिअरचं ऑइल आत ओढलं जातं आणि पांढरा धूर दिसतो, निदान कळतं तरी. डावं मात्र गुपचूप मारतं.

आता लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतलं अस्तर. जुन्या सिलिंडरचं बाहेरचं ॲल्युमिनियम आणि त्यातले पोर्ट मूळ मापाचे, बिनचूक. खराब झालं होतं ते फक्त आतलं बिडाचं अस्तर. मूळ बोअर ६४ मिलिमीटर. ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठे) पिस्टन ०.२५ मिलिमीटरच्या टप्प्याने १.०० पर्यंत जातात, पण खाच त्यालाही पुरून उरेल इतकी खोल होती. म्हणून जुनं अस्तर लेथवर काढलं, सिलिंडर भट्टीत तापवून नवा लायनर सरकवला आणि वर वजन ठेवून थंड होऊ दिला. खरं कसब त्यापुढे होतं: लायनरमधले पोर्ट बाहेरच्या पोर्टशी जुळवणं. मिस्त्रींनी त्यात अख्खा अर्धा दिवस घालवला, आणि मी स्टुलावर बसून बघत राहिलो. इतकं शांत आणि नेमकं काम मी फार कमी पाहिलंय.

उजवा आधीच ०.२५वर होता आणि वर-खाली मापात फरक येत होता, म्हणून दोन्ही बाजू ०.५०वर नेल्या. ३४७ सीसीचं इंजिन त्याने ३५३च्या आसपास गेलं. चालवताना त्याचा काही फरक कळत नाही. होनिंगनंतर (आतली भिंत दगडाने घासून तिरप्या रेघा पाडल्यावर) प्रत्येक पोर्टच्या कडा घासून बोथट केल्या. बोअरिंग करणारे बरेच जण हे सोडून देतात, आणि धारदार कडेत रिंग अडकली की तुटलीच. सिलिंडर घरी आणण्याआधी आत बोट फिरवून बघा. टोचलं तर घेऊ नका.

पहिले ८०० किलोमीटर साठच्या आत चालवली. पहिल्या शंभरानंतर इंजिन पूर्ण थंड करून हेडचे नट पुन्हा टॉर्कला आवळले. ऑइल पंपातली हवा काढली होती, तरी पहिल्या टाकीत पेट्रोलमध्येही थोडं टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल) मिसळलं. इथेनॉलच्या पेट्रोलने मिश्रण आणखी लीन होतं, म्हणून पेट्रोल जास्त जावं यासाठी दोन्ही कार्बोरेटरना मेन जेट एक नंबर मोठा घातला. ॲव्हरेज २४ वरून २२ वर आलं. प्लगचा रंग बिस्किटासारखा राहतो, म्हणजे मिश्रण बरोबर आहे, मला तेवढं पुरे.

त्यानंतर गगनबावड्याचा घाट दोनदा, आंबोलीतून सावंतवाडी एकदा, बाकी रोजचं ऑफिस. भर उन्हात करूळ घाट चढताना मी डाव्या बाजूचा आवाज ऐकत जीव मुठीत धरून होतो. काहीच झालं नाही. वर पोचल्यावर गाडी बंद केली, पाच मिनिटांनी एका किकमध्ये सुरू. २,३०० किलोमीटरला हेड उघडून पाहिलं: होनिंगच्या तिरप्या रेघा शाबूत, लायनर जागचा हललेला नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. हिवाळ्यात सकाळी सुरू केल्यावर पहिली दोन मिनिटं डावीकडून पिस्टनचा हलका खडखड आवाज येतो, उजवीकडून येत नाही. नवा लायनर तापल्यावर कसा वागेल याची खात्री नव्हती, म्हणून मिस्त्रींनी डावीकडे पिस्टन आणि भिंतीमध्ये ०.०५ मिलिमीटर क्लिअरन्स (मोकळी जागा) ठेवला आणि उजवीकडे ०.०४५. गाडी तापली की आवाज जातो. तो वाढत नाही ना, एवढं पाहायला ८,००० किलोमीटरला डावा सिलिंडर पुन्हा उतरवून माप घेणार आहे. येईल ते इथे लिहीन.