मनोरुग्ण भावाला न्यायला आलेल्या गाड्या: एक खासगी व्हॅन, एक १०८ आणि सोबतचे पोलीस

सेवा: खवळलेल्या मनोरुग्णाला घरातून दवाखान्यात नेणं
ठिकाण: चोपडा तालुका, जिल्हा जळगाव
खासगी व्हॅन: पाचपैकी एक
१०८ आणि पोलीस: पाचपैकी साडेचार

आधी खासगी व्हॅनचं लिहिते, कारण आमच्याकडे घरातला माणूस बिथरला की लोक पहिल्यांदा तोच नंबर शोधतात. शेजाऱ्यांना कळायला नको, पोलीस दारात नकोत, म्हणून. नाव लिहीत नाही. पण अशा गाड्यांची पद्धत कळावी म्हणून जे पाहिलं ते सगळं लिहिते.

माझा धाकटा भाऊ, आम्ही त्याला बापू म्हणतो, त्याला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी अति चढतं, कधी पार खचतं असा मानसिक आजार. एरवी केळीची बाग एकटा सांभाळणारा, शब्दाला पक्का माणूस. आजार चढला की झोप जाते. रात्री दोनला मोटार चालू करून बागेत फिरतो, अंगावरचे पैसे वाटतो, मग पाण्याच्या पाळीवरून आपल्याला कोणी तरी मारणार आहे हे डोक्यात बसतं. त्या भीतीपोटी तो अंगावर येतो. त्याला राग आलाय असं बघणाऱ्याला वाटतं, पण आम्हाला घरच्यांना माहीत आहे की तो घाबरलेला असतो.

खासगी व्हॅनवाल्याने फोनवर विचारलं ते एवढंच: वजन किती आणि अंगात जोर किती. आजार कोणता, गोळ्या कोणत्या चालू आहेत, ताप आहे का, यातलं काही नाही. चार तगडी माणसं आली. गाडी सायरन वाजवत थेट ओट्याला लावली. बापू बाजेवर बसला होता, हात मोकळे होते. एकाने मागून मान धरली, दोघांनी हात पिरगळले, अंगणात पालथा पाडला आणि चौथा त्याच्या पाठीवर बसला. नायलॉनच्या दोरीने हात मागे बांधले. कमरेत इंजेक्शन टोचलं. कोणतं ते विचारलं तर म्हणाला, "झोपेचं आहे ताई, आमचं रोजचंच काम आहे." बापूला तसाच पालथा गाडीत टाकला. आईला घेतलंच नाही, मला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं. सगळा रस्ता मी मान वळवून त्याची पाठ हलतेय का ते बघत होते.

हे पालथं पाडणं किती धोक्याचं आहे हे मला पुढे एका डॉक्टरांनी समजावलं, आणि प्रत्येक घराला ते माहीत असायला हवं. पालथ्या माणसाच्या पाठीवर वजन आलं की छाती फुगत नाही आणि पोट दबल्यामुळे श्वासाचा पडदा नीट खाली जात नाही. झटापट करून धापा टाकणाऱ्याला तर नेहमीपेक्षा जास्त हवा लागते. तो हवेसाठी धडपडतो, वरच्या माणसाला वाटतं अजून मारामारी करतोय, म्हणून तो आणखी दाबतो. मग माणूस एकदम गप्प होतो आणि सगळ्यांना वाटतं इंजेक्शन लागू पडलं. माणसं अशी मेलेली आहेत.

बापू वाचला. पण दुसऱ्या दिवशी त्याची मान एका बाजूला वळून आखडली, जबडा घट्ट झाला, जीभ बाहेर येऊ लागली. खवळलेल्या मनोरुग्णाला शांत करायला देतात त्या हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने असं होऊ शकतं, आणि त्यावर उतारा देता येतो. पण काय टोचलं होतं ते कागदावर नव्हतं, पावतीच नव्हती, त्यामुळे दवाखान्यातल्या डॉक्टरांना अंदाजाने चालावं लागलं. मनगटांवरचे वळ गेले, अंगठ्याजवळची बधिरता बरेच दिवस राहिली. पांढरी व्हॅन दिसली की बापू बांध ओलांडून पळायचा. पुढच्या वेळी त्याला नेणं आणखी कठीण करून ठेवलं त्या लोकांनी. त्यांना दिलेला तो एक तारा गाडी वेळेवर आली म्हणून.

आता गेल्या मे महिन्याबद्दल. ज्या उन्हात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसकडे जातो ते दिवस. बापूच्या हातात विळा होता आणि तो पडवीच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभा होता. मी १०८ लावला. भाऊ मानसिक आजारी आहे, हातात विळा आहे, अजून कोणाला लागलेलं नाही, एवढं सांगितलं. पोलीसही लागतील म्हणून ११२ लावायला सांगितलं, तोही लावला.

गाडी वाटेत असतानाच तिच्यातल्या डॉक्टरांचा फोन आला. १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो हे महाराष्ट्रातल्या या सेवेचं मोठं बळ आहे. २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ मोठ्या, हृदयविकारासारख्या रुग्णांसाठी जास्त साधनं असलेल्या. डॉक्टर बाई होत्या, आवाजावरून तरुण. काय विचारलं ते जसंच्या तसं आठवतं. लिथियम, म्हणजे बायपोलरची गोळी, चालू आहे का? उलट्या, जुलाब? हात नेहमीपेक्षा जास्त थरथरतात का? दिवसभर पाणी किती प्यायला? अंग तापलंय का? दारू पितो का, पीत असेल तर कधी बंद केली? डोक्याला मार? साखरेचा आजार?

तेव्हा मला वाटलं, इथे विळा आहे आणि या पाणी किती प्यायला ते विचारतायत. पण त्या प्रत्येक प्रश्नाला कारण होतं. आपल्याकडच्या उन्हात घाम जाऊन अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की लिथियम रक्तात साठतं, त्याचं विष होतं आणि माणूस बरळायला लागतो. उष्माघातातही माणूस बरळतो, अंगावर येतो. साखर खूप उतरली तरी तेच. रोजची दारू एकदम तुटली तर दोन-तीन दिवसांत भास होतात. यातल्या एकालाही आधी मनोरुग्णांचा वॉर्ड कामाचा नाही. अशा वेळी सलाईन, ग्लुकोज किंवा अंग गार करणं आधी लागतं. वजन आणि जोर विचारणाऱ्याला हे कुठून कळणार?

सायरन गावाबाहेरच बंद केला. पोलिसांची गाडी आधी पोचली होती आणि त्यांनी पहिलं काम केलं ते गल्ली रिकामी करण्याचं. मोबाईल वर धरून उभ्या असलेल्या पोरांना फौजदार साहेबांनी एका वाक्यात घरी पाठवलं. काठ्या गाडीतच राहिल्या. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की बोलणार एकच. त्यासाठी त्यांनी वयाने मोठे, याच भागातले एक हवालदार पुढे केले. डॉक्टर बाजूला, दिसतील अशा उभ्या. दार मोकळं ठेवलं, बापू आणि दार यांच्या मध्ये कोणी नाही. हवालदार दोन-तीन हात लांब, जरा तिरपे उभे राहिले, तळहात उघडे.

"बापू भाऊ, काय व्हयनं? माले सांग."

"त्या माले मारी टाकतीन," बापू म्हणाला.

कोणी मारत नाही, तुझा भ्रम आहे, असं हवालदार म्हणाले नाहीत. आम्ही घरचे इतकी वर्षं तेच म्हणत आलो होतो. ते म्हणाले, भीती वाटत असेल तर झोप कशी येणार, मी इथे उभा आहे, कोणी आत येणार नाही. पाणी विचारलं. मग गप्प राहिले, आणि ते गप्प राहणंच त्यांना चांगलं जमत होतं. एकच गोष्ट थोड्या थोड्या वेळाने त्याच शब्दांत सांगत राहिले: विळा खाली ठेव, मग आपण बसू. हातात दे असं एकदाही म्हटलं नाही, कारण देण्यासाठी जवळ यावं लागतं. बऱ्याच वेळाने बापूने विळा ओट्यावर ठेवला. हवालदारांनी त्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याला चार पावलं पुढे बोलावून घेतलं, आणि पाठीमागून पायलटने, म्हणजे १०८ च्या ड्रायव्हरने, विळा उचलून नेला.

गोड बोललं की सगळं सुटतं असं मी सांगत नाही. गाडीचं दार उघडल्यावर बापूला पांढरा रंग दिसला आणि तो उसळला. हवालदारांच्या तोंडावर ठोसा बसला, ओठ फुटला. तेव्हा जोर लावावाच लागला. पण कसा लावला ते बघा. चौघांनी एकेक हात, एकेक पाय धरला, सांध्याच्या वर, सांध्यावर नाही. त्याला उताणाच ठेवला आणि मग कुशीवर केला. मानेला, छातीला कोणाचा हात नाही. डॉक्टर डोक्याशी बसून मोठ्याने सांगत होत्या, बापूला आणि सगळ्यांनाच: "आता हात धरलाय, आता पट्टा लावतेय, श्वास चालू आहे, छान." पट्टे रुंद, खाली कापूस, आणि प्रत्येक पट्ट्याखाली बोट घालून नखांचा रंग बघितला. मग बोटाला टोचून साखर बघितली, ताप बघितला, ऑक्सिजनचा चिमटा लावला. फुटल्या ओठाच्या हवालदारांनी त्याला उलटून एक चापट मारली नाही की शिवी दिली नाही. आई त्यांच्या पाया पडायला गेली तर ते मागे सरले, म्हणाले, "माय, त्याना काय दोष?"

इंजेक्शन गाडीत दिलंच नाही. डॉक्टरांनी दवाखान्यात फोन करून विचारलं आणि मला सांगितलं की झटापट थांबली आहे, लिथियमची पातळी माहीत नाही, चालत्या गाडीत झोपवून श्वासाची जोखीम कशाला. मला त्याच्याजवळ मागे बसवलं. विदगावचा तापीवरचा पूल येईपर्यंत हातांचे पट्टे सुटले होते. जळगावला पोचल्यावर हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन दिलं, दोन्ही नावं कागदावर लिहून. दुसरं औषध झोप आणतं आणि पहिल्याने मान-जबडा आखडू नये म्हणूनही ते सोबत देतात. या वेळी मान आखडली नाही.

मला भीती होती की पोलीस आले म्हणजे ठाण्यात नेतील. त्याआधी एका ठाण्यात "घरचं प्रकरण घरात मिटवा" हेही ऐकलेलं होतं. या फौजदार साहेबांना कायदा नीट माहीत होता. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० प्रमाणे आजारामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असलेल्या माणसाला पोलिसांनी संरक्षणात घ्यायचं, कारण सांगायचं आणि लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं. कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचं नाही, कोणत्याही परिस्थितीत नाही. त्याच कायद्याने साखळीला बंदी आहे. दवाखान्यातसुद्धा बांधायचं ते तात्काळची इजा टाळायला दुसरा उपाय नसेल तेव्हाच, लागेल तेवढाच वेळ. शिक्षा म्हणून नाही आणि माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. कलम २१ तर सरळ म्हणतं की शरीराच्या रुग्णाला जशी रुग्णवाहिका मिळते तशीच आणि त्याच दर्जाची मनोरुग्णाला मिळाली पाहिजे. म्हणजे १०८ लावणं हा आपला हक्क आहे, उपकार नाही.

अर्धा तारा कापला तो या गाडीतल्या कोणाच्याही चुकीसाठी नाही. गाडीत डॉक्टर आणि पायलट अशी दोनच माणसं असतात. चार हातापायांना चार माणसं लागतात, म्हणजे पोलिसांची साथ मिळाली तरच हे काम असं होतं, आणि ती कशी मिळेल हे त्या वेळी ड्युटीवर कोण आहे त्यावर राहतं. शिवाय राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. खान्देशाच्या वाट्याला एकही नाही. इतक्या मायेने आणलेला रुग्ण पुढे लांब न्यायची वेळ आली तर पुन्हा गाडी, पुन्हा तीच भीती.

घरात असा रुग्ण असेल तर चालू गोळ्यांचा आणि शेवटच्या डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. मला फोनवर लिथियमचा डोस लगेच सांगता आला तो त्यामुळे. प्रकरण हातघाईवर यायच्या आधी, झोप उडाली की लगेच, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोलता येतं, मराठीत. १०८ ला "वेड लागलंय" असं नुसतं सांगू नका. आजाराचं नाव, हातात काय आहे, घरात लहान मुलं आहेत का, आणि तो कोणाचं ऐकतो, हे सांगा.

आणि खासगी गाडीच करायची वेळ आली तर ठरवण्याआधी तीन गोष्टी विचारा. गाडीत डॉक्टर आहे का? पालथं पाडून बांधता का? इंजेक्शनचं नाव, मात्रा आणि वेळ कागदावर लिहून देता का? सरळ उत्तर आलं नाही तर फोन ठेवा आणि दुसरा नंबर लावा.