सोलर बॅटरीच्या सबसिडीला भुलून आम्ही फसलो, तुम्ही फसू नका

"घरगुती बॅटरीला सरकारी सबसिडी आलीये ताई, पण कोटा संपत आलाय." डिसेंबरात नाशिकमधल्या पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या घरी एक मुलगा हे सांगत आला. नीटनेटके कपडे, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. त्याच्या शब्दावर आम्ही २,८०,५०० रुपये दिले. पुढे काय झालं ते सविस्तर लिहितेय, कारण आमच्यानंतर हीच माणसं इंदिरानगरात दोन घरी जाऊन आल्याचं कळलंय.

आम्हाला बॅटरीची हौस नव्हती, गरज होती. सासूबाईंना रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो आणि पावसाळ्यात आमच्याकडे लाईट जाते. शेजारच्या काकांनी ३ किलोवॅटचं सोलर बसवलंय, पण लाईट गेली की त्यांचंही घर बंद. ग्रिडला म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेला साधा सोलर इन्व्हर्टर लाईट गेल्यावर आपोआप थांबतो. तो चालू राहिला तर छतावरची वीज लाइनमध्ये शिरेल आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. लाईट नसताना घर चालवायचं तर बॅटरी हवीच. सासूबाईंच्या खोलीतलं मशीन बघून त्या मुलाने आमची नड ओळखली.

त्याने हिशेब मांडला. ३ किलोवॅट पॅनल आणि ५ युनिटची लिथियम बॅटरी मिळून ४,१०,००० रुपये. पॅनलची सबसिडी ७८,०००, बॅटरीची ६०,०००. "तुम्ही फक्त २,७२,००० भरा, सबसिडी आम्ही सरकारकडून घेऊ, तुम्हाला धावपळ नको." वर फाइल चार्ज ८,५००. राजमुद्रा छापलेलं मंजुरीपत्र दाखवलं. बॅटरीवर सरकार कसं पैसे देतंय याचा बातम्यांसारखा व्हिडिओही दाखवला. तो इंग्रजीत होता, आम्ही नीट ऐकलाच नाही. पुढे माझ्या भाच्याने तो शोधून काढला, तेव्हा कळलं की ती योजना ऑस्ट्रेलियाची आहे. तिथे १ जुलै २०२५ पासून घरगुती बॅटरीवर साधारण ३० टक्के सवलत मिळते. योजना खरी, फक्त ती आपल्या देशातली नाही.

जानेवारीत काम झालं. लिथियमऐवजी १५० एएचच्या दोन ट्युब्युलर, म्हणजे साध्या इन्व्हर्टरला लावतात तसल्या पाण्याच्या बॅटऱ्या आल्या. "माल पोर्टवर अडकलाय, महिनाभरात बदलून देतो." बिल मागितलं तर एस्टिमेटचाच कागद पुन्हा पुढे केला. आणि सोलरची जास्तीची वीज लाइनमध्ये गेली की मोजणारं नेट मीटर? "महावितरणचा माणूस येईल." फेब्रुवारी गेला, मार्च गेला, वीजबिल जेमतेम दीडशे रुपयांनी उतरलं.

एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस आला, रात्री साडेअकराला लाईट गेली. सासूबाईंचं मशीन साधारण ३५० वॅटचं. ५ युनिटची चांगली बॅटरी ते बारा तास सहज ओढते. आमच्या दोन बॅटऱ्या कागदावर ३.६ युनिटच्या, पण ट्युब्युलर बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये. त्यात पंखे आणि फ्रीजही त्यावरच चालू होते. पावणेतीनला इन्व्हर्टर ओरडायला लागला. मिस्टरांनी गाडी काढली आणि आम्ही सासूबाईंना घेऊन हॉस्पिटल गाठलं. त्या रस्त्यात मी त्यांचा हात धरून बसले होते. त्या रात्रीसाठी मी त्या माणसांना कधीच माफ करणार नाही.

दोन दिवसांनी ग्राहक क्रमांक घेऊन मी महावितरणच्या कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, या क्रमांकावर सोलरचा अर्जच नाही. घरी येऊन काकांना विचारलं तेव्हा सगळा उलगडा झाला. नोंदणी करताना त्यांच्या मोबाइलवर ओटीपी आला होता. आमच्या मोबाइलवर एकही आला नव्हता, आणि ते आमच्या लक्षातही आलं नव्हतं.

घराच्या छतावरच्या सोलरला सबसिडी देणारी केंद्राची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिचं अनुदान पॅनलच्या किलोवॅटवर आहे. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला १८,०००, म्हणून ३ किलोवॅट किंवा त्यापुढे जास्तीत जास्त ७८,०००. बॅटरीसाठी त्यात एक रुपयाही नाही. बॅटरी लावायला मनाई नाही, ग्रिड आणि बॅटरी दोन्हीला जोडता येणारा हायब्रिड इन्व्हर्टर घेऊन लावता येते, पण तिचा खर्च आपला. सिस्टिम ग्रिडला जोडलेली हवी, पॅनल डीसीआर म्हणजे भारतात बनलेल्या सेलचे हवेत आणि बसवणारा योजनेत नोंदणी झालेला हवा. आमचं तिन्हीत बसत नाही. आमची सिस्टिम ऑफग्रिड, म्हणजे ग्रिडला न जोडलेली आहे, त्यामुळे दुपारी बॅटऱ्या भरल्या की जास्तीची वीज वायाच जाते. पॅनलचे सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकले तर ते डीसीआर नाहीत. आता नव्याने अर्ज करायचा म्हटलं तरी हे पॅनल चालणार नाहीत.

मला सगळ्यात जास्त बोचलं ते वेगळंच. खऱ्या योजनेत आपण आधी पूर्ण पैसे भरतो किंवा कर्ज काढतो. नेट मीटर लागून तपासणी झाली की अनुदान थेट आपल्या बँक खात्यात येतं, विक्रेत्याकडे कधीच जात नाही. त्या मुलाने ते आधीच "वजा" केलं आणि आम्हाला स्वस्तात पडल्यासारखं वाटलं. सबसिडी आमच्या खात्यात यायचीच नव्हती, मग ती अडकली का हे आम्ही कुणाला विचारणार? चार महिने त्यांनी त्यावरच काढले. एका माहितीतल्या इलेक्ट्रिशियनने सगळा माल बघून सव्वा लाखाच्या आतबाहेर किंमत सांगितली.

तुमच्याकडे कुणी आलं तर आधी योजनेच्या १५५५५ या नंबरवर विचारा. योजनेच्या पोर्टलवर अर्ज स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या लॉगिनने करा आणि विक्रेत्याचं नाव तिथल्या यादीत बघा. जीएसटी बिलावर पॅनलचे नंबर आणि बॅटरीचा प्रकार लिहून घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. आधीच पैसे दिले असतील तर एस्टिमेट, यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सअॅपचे मेसेज काहीही डिलीट करू नका. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. हे मला वकिलांकडे गेल्यावर कळलं.

आम्ही पोलिसांत अर्ज दिलाय, आयोगातली तक्रार याच आठवड्यात दाखल होईल. त्या मुलाचा नंबर बंद आहे. पावसाळा तोंडावर आलाय, म्हणून सासूबाईंच्या खाटेशेजारी भरलेला ऑक्सिजन सिलिंडर आणून ठेवलाय आणि त्याचा कॉक कसा उघडायचा ते घरातल्या सगळ्यांना शिकवलंय.