पंधराच्या पॉइंटच्या जागी बसवलेला एसी बॉक्स: दोन उन्हाळ्यांनंतर

पुण्यातल्या आमच्या चाळीस वर्षे जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये, दीड टनी इन्व्हर्टर एसीसाठी आम्ही जो पत्र्याचा एसी बॉक्स (एसीचा स्विच आणि सॉकेट एकत्र असलेली पेटी) बसवून घेतला त्याला आता दोन उन्हाळे पूर्ण झाले आहेत. दुकानात एसी निवडताना आपण वीजबचतीचे तारे मोजतो, कॉइल तांब्याची आहे का ते विचारतो, पण तो भिंतीला नेमका कशाने जोडला जाणार आहे याची चौकशी सहसा करत नाही. आम्हीही केली नव्हती. म्हणून या बॉक्सविषयी लिहिताना तो का घ्यावा लागला, तिथूनच सुरुवात करते.

आमच्या एसीला प्लग आलाच नव्हता, नुसती तीन तारांची केबल होती. बसवायला आलेल्या माणसाने तिला साधा 16 ॲम्पिअरचा प्लग लावला आणि तो इस्त्रीसाठी असलेल्या जुन्या पॉइंटमध्ये, ज्याला आपण अजूनही सवयीने ‘पंधराचा पॉइंट’ म्हणतो त्यात, खोचून दिला. स्टॅबिलायझरची गरज आहे का, असे विचारल्यावर दुकानातून उत्तर मिळाले होते की हे यंत्र विजेच्या कमी दाबावरही (व्होल्टेजवरही) चालते. ते उत्तर खोटे नव्हते, पण ते फक्त यंत्रापुरते खरे होते. इन्व्हर्टर एसीला ठरावीक थंडावा देण्यासाठी जवळपास ठरावीक शक्ती लागते, त्यामुळे व्होल्टेज घसरले की तो तारेतून अधिक करंट ओढतो. आमच्या एसीच्या नामपट्टीवर कमाल 2,000 वॅट लिहिले आहेत; 230 व्होल्टला त्याचे पावणेनऊ ॲम्पिअर होतात आणि एप्रिलमधल्या रात्री आठच्या सुमारास आमच्याकडे मीटरने 195 व्होल्ट दाखवले तेव्हाच्या हिशेबाने सव्वादहा. स्टॅबिलायझर लावला असता तरी भिंतीतल्या तारेवरचा हा भार कमी झाला नसता, कारण स्टॅबिलायझर आपली वाढीव गरज मागच्या तारेकडूनच भागवतो.

तीन आठवड्यांनी खोलीत प्लॅस्टिक तापल्याचा वास येऊ लागला. प्लग काढून पाहिला तर फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या, पिनभोवतीचा भाग तपकिरी झाला होता. एमसीबी, म्हणजे करंट मर्यादेपलीकडे गेला की आपोआप पडणारा स्विच, मात्र एकदाही पडली नव्हती, आणि मला त्याचेच आश्चर्य वाटत होते. वायरमन म्हणाले, “काकू, एमसीबी करंट बघते, सैल जोड बघत नाही.” त्यांनी एसी चालू असताना मेन स्विचपाशी आणि त्या पॉइंटपाशी व्होल्टेज मोजले, तर दोहोंत 9 व्होल्टचा फरक निघाला. बोर्ड उघडल्यावर आत अडीच एमएमची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाची) ॲल्युमिनियमची तार होती. मेन स्विचपासून पॉइंटपर्यंत तिची लांबी 14 मीटर, म्हणजे जाऊन-येऊन 28 मीटर. 9 ॲम्पिअर करंटला अशा तारेत साधारण 3 व्होल्ट पडतात. उरलेले 6 व्होल्ट सैल स्क्रूंत, गंजल्यासारख्या झालेल्या जोडांत आणि पकड गेलेल्या सॉकेटमध्ये पडत होते. सहा गुणिले नऊ म्हणजे 54 वॅट. रेडिओ दुरुस्तीचे लहान सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचे असते. तशी दोन आयर्न आमच्या भिंतीत आणि बोर्डात रात्रभर तापत होती.

त्यानंतर मेन स्विचपासून स्वतंत्र, मध्ये कुठेही जोड नसलेली, चार एमएमची तांब्याची लाइन केसिंग-कॅपिंगमधून, म्हणजे भिंतीवरच्या झाकणाच्या पट्टीतून, ओढली आणि तिच्या टोकाला हा बॉक्स बसवला. याच्या एका बाजूला 20 ॲम्पिअरची डबल पोल एमसीबी आणि दुसऱ्या बाजूला धातूच्या आवरणाचे गोल सॉकेट आहे. सोबत तसाच धातूचा प्लग मिळतो, ज्यात केबल आवळून धरणारी पट्टी असल्यामुळे केबलला ओढ बसली तरी ती आतल्या स्क्रूंपर्यंत पोहोचत नाही. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट डबल पोल एमसीबी वाटते, कारण ती फेजबरोबर न्यूट्रल, म्हणजे परतीची तारही तोडते आणि जुन्या घरात या दोन तारांची अदलाबदल झालेली असणे मुळीच दुर्मीळ नाही. एकच तार तोडणाऱ्या सिंगल पोल एमसीबीचे बॉक्सही बाजारात मिळतात आणि बाहेरून ते जवळपास सारखेच दिसतात, तेव्हा झाकण उघडून पाहूनच घ्यावा.

उणिवाही सांगायला हव्यात. पत्र्यातल्या तारेच्या भोकाची कड धारदार होती आणि तिच्यावर बसवायचे रबरी ग्रोमेट बॉक्ससोबत आले नव्हते. ते वेगळे आणून बसवले. प्लग आणि बॉक्स दोन्ही धातूचे असल्याने अर्थिंग खरोखर चालू असणे इथे अत्यावश्यक आहे. आमच्या त्या पॉइंटला अर्थची पिन होती, पण तिच्यामागे तारच जोडलेली नव्हती, हे बोर्ड उघडल्यावरच कळले. नवी अर्थची तार टाकल्यावर फेज आणि अर्थ यांच्यातले व्होल्टेज फेज-न्यूट्रलइतकेच आले, तेव्हाच एसी चालू करू दिला. दिसायला बॉक्स ओबडधोबड आहे आणि बेडरूमच्या भिंतीवर तो डोळ्यांत येतो.

चांगल्या बनावटीचे, आयएसआय चिन्ह असलेले नवे 16 ॲम्पिअरचे सॉकेट आणि योग्य तार असेल, तर दीड टनापर्यंत तेही पुरते, आणि ज्यांच्या घरात एसीसाठी वेगळी लाइन आधीच आहे त्यांनी केवळ बॉक्ससाठी भिंत फोडू नये. सगळ्या प्रकारचे प्लग घेणारे सॉकेट मात्र एसीला कधीही वापरू नये. 16 ॲम्पिअरच्या प्लगची फेजची पिन सात मिलिमीटर जाडीची असते, सहाच्या प्लगची जेमतेम पाच, आणि दोन्हींना सामावून घेणारी पट्टी कोणत्याच पिनेला नीट धरत नाही. एमसीबी वारंवार पडते म्हणून 20 च्या जागी 32 ची बसवून देणाऱ्यांनाही नकार द्यावा. एमसीबी तारेच्या रक्षणासाठी असते आणि तार तीच राहिली असताना तिची मर्यादा वाढवणे धोक्याचे आहे.

आता एसी तासभर चालल्यावर प्लगला हात लावला तर तो जेमतेम कोमट लागतो, आणि मेन स्विच व बॉक्स यांच्यातला फरक दीड व्होल्टच्या आत आला आहे. पहिल्या वर्षानंतर मेन बंद करून वायरमनकडून बॉक्समधले स्क्रू तपासून घेतले, तेव्हा न्यूट्रलचा स्क्रू अर्धा आटा सैल निघाला. यंदाही मार्चमध्ये त्यांना बोलावले आहे. हॉलमध्ये दुसरा एसी घेण्याचा विचार आहे, परंतु त्याआधी महावितरणच्या बिलावरचा ‘मंजूर भार’ वाढवून घेण्याचा अर्ज करायचा आहे आणि मीटरपासून घरापर्यंत आलेली तार केवढी आहे तेही पाहून घ्यायचे आहे.