दाराचा सेन्सर: वायरचा की बिनवायरचा?

दार उघडलं की चोरीच्या अलार्मला कळवणारा हा सेन्सर. मूळ करामत दोन्हींत एकच: चौकटीवर रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा छोटा स्विच), दारावर चुंबक. फरक पुढे सुरू होतो.

वायरच्या पद्धतीत दार बंद असताना सर्किट पूर्ण असतं. दार उघडलं किंवा कुणी वायर कापली, की पॅनेलला, म्हणजे अलार्मच्या मुख्य डब्याला, लगेच कळतं. आणि वायर शॉर्ट केली तर? त्यासाठी लूपच्या, म्हणजे या वायरच्या फेऱ्याच्या, टोकाला रेझिस्टर (ठराविक रोध देणारा छोटा भाग) लावतात; वायर शॉर्ट झाली की तो रोध दिसेनासा होतो आणि पॅनेलला कळतं. तो सेन्सरपाशीच हवा. मी पहिल्यांदा आळसाने पॅनेलच्या डब्यातच बसवला होता, म्हणजे असून नसल्यासारखा! वीज गेली तर १२ व्होल्टची ७ एएच (अँपिअर-तास) क्षमतेची बॅटरी सांभाळून घेते. खरा त्रास भिंती फोडण्याचा. आणि हो, ही वायर विजेच्या वायरिंगच्या पाइपातून ओढू नका.

बिनवायरचा सेन्सर दुतर्फा टेपने पाच मिनिटांत चिकटतो. भाड्याच्या घरात तोच बरा. पण सेल बदलत राहावे लागतात, शिवाय स्वस्तातले, ४३३ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालणारे बहुतेक एकतर्फीच बोलतात. निरोप पोचला की नाही, सेन्सरला पत्ताच नसतो.

घर स्वतःचं आणि रंगकाम निघालेलं असेल, तर मी वायरच ओढेन. माळ्यावरच्या खिडकीला मात्र बिनवायरचा. तिथवर पाइप न्यायचा माझ्यात दम नाही.