ल्युमिनस क्रीम उत्तम, पंप सदोष: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बाटली पूर्ण संपल्यावरच हा अनुभव लिहायचा असे ठरवले होते, पण पंप बंद पडल्यामुळे तो आजच लिहायला घेतला आहे. ३० मिलिलिटरच्या एअरलेस (आतल्या क्रीमला हवा लागू न देणाऱ्या) बाटलीतले, पर्ल म्हणजे मोतिया शेडचे हे ल्युमिनस क्रीम मी गेले काही महिने जवळजवळ रोज वापरते आहे. पंप बंद पडला तेव्हा बाटलीच्या बाजूच्या पारदर्शक पट्टीतून पाहिले तर आत एक तृतीयांशाहून अधिक क्रीम शिल्लक दिसत होते, आणि पंप दाबला की मात्र नुसती हवा येत होती. वाईट याचे वाटते की आतले क्रीम खरोखर चांगले आहे. चेहऱ्यावर नैसर्गिक वाटेल अशी चमक आणणारी जी उत्पादने मी आजवर वापरली, त्यांत याचा क्रमांक बराच वर लागेल. तरीही पुढच्या मजकुराचा मोठा भाग पंपावरच खर्च होणार आहे, कारण या प्रकारच्या क्रीममध्ये ते किती प्रमाणात बाहेर येते यावरच ते चेहऱ्यावर कसे दिसणार हे ठरते.

ही चमक दोन मार्गांनी येते. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. तो कोरडा पडला की पेशींच्या कडा उचलल्या जातात, त्यांवर पडणारा प्रकाश अस्ताव्यस्त विखुरतो आणि चेहरा निस्तेज दिसतो. ग्लिसरीनसारखे पाणी धरून ठेवणारे घटक आणि त्यांच्या जोडीचे सिलिकोन किंवा तेल हा पृष्ठभाग गुळगुळीत करतात, त्यामुळे परतणारा प्रकाश अधिक एकसंध होतो. दुसरा मार्ग अभ्रकाचा आहे. अभ्रकाच्या अतिशय पातळ पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर चढवलेला असतो आणि त्या थराच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे किरण एकमेकांत मिसळून मोतिया झाक तयार होते. थर पातळ असेल तर झाक रुपेरी असते. त्याची जाडी वाढवत नेली की ती सोनेरी, तांबूस, निळसर आणि हिरवट अशी बदलत जाते. घटकांच्या यादीत सीआय (रंगद्रव्यांचा सांकेतिक क्रमांक) ७७०१९ दिसले की ते अभ्रक आणि सीआय ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. मात्र रंगद्रव्ये यादीच्या शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिण्याची मुभा उत्पादकांना असते, म्हणून त्यांचे प्रमाण यादीवरून कळत नाही. कणांचा आकार तर यादीत कुठेच नसतो, आणि खरा फरक तिथेच पडतो. साधारण १५ मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण सलग, रेशमी तकाकी देतात. कण बरेच मोठे असतील तर प्रत्येक कण वेगळा लुकलुकताना दिसतो आणि चेहऱ्यावर चमकी सांडल्याचा भास होतो. या क्रीमचे कण बारीक आहेत. मनगटावर पसरून दिवसाच्या उजेडात हात हलवून पाहिला तरी सुटा कण दिसत नाही, आणि हीच या क्रीमची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

आता पंपाविषयी. एका दाबात जेवढे क्रीम बाहेर येते, तेवढे संपूर्ण चेहऱ्याला मॉइश्चरायझर म्हणून लावायचे असेल तर योग्य ठरेल. चमक आणण्यासाठी मला त्याचा साधारण चौथा हिस्सा पुरतो. दाब अर्धवट ठेवून कमी क्रीम काढता येईल असे वाटते, पण या पंपाचा पहिला अर्धा टप्पा रिकामाच जातो आणि पुढे थोडा जोर पडताच सगळा ऐवज एकदम बाहेर पडतो. एअरलेस बाटलीत बाहेर आलेले क्रीम परत घालण्याची सोय नसते. एका दाबात पाव मिलिलिटर येते असे धरले, तर ३० मिलिलिटरमध्ये १२० दाब होतात. त्याच बाटलीतून चौथा हिस्सा काढता आला असता तर तीच बाटली ४८० वेळा पुरली असती. या दोन आकड्यांमधले अंतर ग्राहकाच्या पैशातून भरले जाते, आणि ही गोष्ट मला दर सकाळी नव्याने खटकत असे. उरलेले क्रीम मी मानेला आणि गळ्याच्या हाडांना लावत आले आहे. तिथे ते चांगले दिसते, पण घराबाहेर पडताना गळाबंद कपडे घालायचे असतील त्या दिवशी त्याचा काहीही उपयोग नसतो आणि ते तसेच पुसून टाकावे लागते.

नुकसान केवळ पैशाचे असते तर एवढे लिहिले नसते. बाहेर आलेले क्रीम वाया जाऊ नये म्हणून हात आपोआप ते चेहऱ्यावरच पसरतो, आणि तिथेच चमकेचा तेलकटपणा होतो. खोक्यावर हे क्रीम फाउंडेशनमध्ये मिसळून लावण्याची शिफारस आहे. एक दाब पंप आणि नेहमीचे फाउंडेशन हे प्रमाण हाताला सोयीचे पडते, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे मी तेच केले. त्या काळात कोणी विचारले असते तर हे क्रीम घेऊ नका असेच मी सांगितले असते. मिसळल्यामुळे अभ्रकाचे कण चेहऱ्यावर सगळीकडे सारखेच पसरतात; नाकाच्या कडा, कपाळाचा मध्य आणि हनुवटी या जागा मुळातच तेल सोडतात, त्यांवरही झाक चढते, आणि दुपारपर्यंत क्रीमची चमक कोणती आणि घामातेलाची कोणती हे वेगळे करता येत नाही. शिवाय फाउंडेशन पातळ होऊन त्याची झाकण्याची क्षमता कमी होते. डाग दिसू लागले की वरून कन्सीलर वाढवावा लागतो आणि नैसर्गिक दिसण्याचा मूळ हेतूच बाजूला पडतो.

मत बदलले ते लावण्याची जागा बदलल्यावर. मिसळणे पूर्णपणे थांबवले आणि क्रीम फाउंडेशनच्या खाली, फक्त ठरावीक ठिकाणी लावायला सुरुवात केली: गालाच्या हाडाचा वरचा भाग, भुवईच्या शेपटाखालची हाडाची कड, आणि अगदी थोडे वरच्या ओठाच्या मधल्या खळगीवर. मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन लावून काही मिनिटे थांबायचे, अनामिकेच्या टोकाने ठिपके टेकवायचे, घासायचे नाही, नुसते दाबत कडा विरघळवायच्या, आणि त्यावर ओलसर स्पंजने फाउंडेशनचा पातळ थर द्यायचा. नाकाच्या बाजू, कपाळ आणि हनुवटी यांवर हलका हात ठेवून पावडर लावायची. ही पावडर चमकेच्या विरुद्ध जाते असे वरवर वाटते, पण शेजारची जागा शांत असली तरच उंचावट्यावरचा उजेड डोळ्यांना जाणवतो. सगळा चेहरा चमकला तर डोळे त्याला तेल समजतात. या पद्धतीने हे क्रीम जे रूप देते ते मला अतिशय आवडले आहे. चेहरा हलला की उजेड गालावरून सरकतो, स्थिर असताना काही लावल्याचे कळत नाही, आणि दिवसअखेर फाउंडेशन थोडे विरळ झाल्यावर तर खालची झाक अधिकच सुरेख दिसते.

त्वचेच्या बनावटीबाबत मात्र सावध राहायला हवे. मोतिया कण उंचसखलपणा लपवत नाहीत, उलट अधोरेखित करतात. गालाच्या आतल्या भागात, नाकाजवळ, छिद्रे मोठी असतील तर तिथे हे क्रीम अजिबात नेऊ नये. फुगलेल्या मुरमावर लावले तर मुरूम दिव्याखाली ठेवल्यासारखा उठून दिसतो. ज्याविषयी फारसे बोलले जात नाही अशी एक गोष्ट म्हणजे गालांवरची आणि ओठावरची बारीक लव. कण या लवेला चिकटतात आणि खिडकीच्या बाजूने तिरपा उजेड आला की प्रत्येक केस रुपेरी दिसतो. लवेच्या दिशेने, वरून खाली, दाबत लावले तर हे बरेच कमी होते. डोळ्यांखाली मी ते लावत नाही, कारण तिथल्या बारीक रेषांमध्ये कण साचतात.

शेडबद्दलची माझी तक्रार पंपाच्या तुलनेत लहान आहे, पण घेणाऱ्याने ती लक्षात घ्यावी. माझा वर्ण गव्हाळ आहे आणि पर्ल शेडची रुपेरी झाक फाउंडेशनच्या वरून लावली की राखाडी दिसते. फाउंडेशनच्या खाली तिचा राखाडीपणा झाकला जातो, म्हणून माझे काम निभावते. अगदी गोऱ्या वर्णाला ही शेड वरूनही शोभेल. गव्हाळ वर्णाला शॅम्पेन किंवा पीच, आणि सावळ्या व गडद वर्णाला सोनेरी किंवा तांबूस झाक घ्यावी. या झाकांमध्ये बहुधा अभ्रकावर आयर्न ऑक्साइडचा थर असतो आणि ती ऊब गडद त्वचेवर फार खुलते. शेड पाहताना पिवळ्या दिव्याखाली निर्णय घेऊ नये, कारण त्या उजेडात रुपेरी झाकही सोनेरी वाटते.

खोक्यावर एसपीएफचा, म्हणजे उन्हापासून मिळणाऱ्या संरक्षणाचा, आकडाही छापलेला आहे आणि तो मी पूर्णपणे दुर्लक्षित करते. एसपीएफची चाचणी त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा जाड थर लावून केली जाते. चार-दोन ठिकाणी ठिपके टेकवून ते संरक्षण कधीही मिळणार नाही, आणि तेवढ्या प्रमाणात हे क्रीम लावले तर चेहरा आरशासारखा दिसेल. वेगळे सनस्क्रीन पूर्ण प्रमाणात लावावेच, आणि त्यात हे क्रीम मिसळू नये, कारण मिसळल्याने सनस्क्रीनचा सलग थर बिघडतो. क्रीममध्ये डायमेथिकोन हे सिलिकोन बरेच असल्यामुळे खालचा थर ओला असताना घासले तर रबर खोडल्यासारख्या बारीक वळ्या निघतात. थांबणे आणि दाबून लावणे हाच उपाय आहे. रात्री नुसत्या फेसवॉशने अभ्रक पूर्ण निघत नाही. आधी क्लिन्झिंग ऑइल किंवा बाम, मग फेसवॉश असा क्रम ठेवला की उशीच्या अभ्र्यावर चमक उरत नाही.

पंप नेमका का बंद पडला हे समजून घेण्यासाठी बाटलीची रचना पाहिली. एअरलेस बाटलीत साध्या पंपासारखी नळी तळापर्यंत जात नाही. तळाशी एक चकती असते. पंप क्रीम ओढून घेतो, आत दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने ती चकती वर सरकते. त्यासाठी बाटलीच्या बुडाला एक छोटे छिद्र असते. ते छिद्र लेबलने किंवा साचलेल्या क्रीमने बुजले, चकती तिरकी होऊन अडकली, किंवा क्रीममध्ये हवेचा मोठा बुडबुडा अडकला, तर पंप फक्त हवा ओढत राहतो. माझ्या बाटलीत चकती तिरकी झाली आहे. पारदर्शक पट्टीतून तिची एक कड वर आणि दुसरी खाली दिसते. छिद्रातून बोथट काडी घालून चकती हलकेच वर ढकलली तेव्हा काही दिवस पंप सुरळीत चालला, नंतर पुन्हा अडकला. ज्यांची बाटली अशी अडली असेल त्यांनी हा उपाय करून पाहावा. आधी बाटली उलटी धरून तळहातावर काही वेळा आपटावी, म्हणजे बुडबुडा असल्यास तो निघून जातो.

कंपनीच्या ग्राहक सेवेने तक्रारीची पोच लगेच दिली, हे मान्य केले पाहिजे. त्यानंतर मात्र बाटलीचे छायाचित्र, मग बॅच क्रमांक, मग खरेदीची पावती आणि शेवटी पंप दाबतानाचा व्हिडिओ असे एकेक करून मागवण्यात आले. हे सगळे पहिल्याच पत्रात मागता आले असते. सगळे दिल्यावर उत्तर आले की उत्पादन उघडलेले असल्यामुळे बदलून मिळणार नाही, मात्र पुढच्या खरेदीवर सवलत मिळेल. पंप उघडल्याशिवाय तो बिघडलेला आहे हे कोणालाही कळू शकत नाही, ही साधी गोष्ट मी लिहून कळवली आहे. सवलत मी नाकारली आहे. आतल्या क्रीमचे पैसे मी एकदा पूर्ण दिलेले आहेत आणि ते मला बाटलीतून बाहेर काढता आले पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे.

तोवर झाकणाची एक छोटी डबी गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवली आणि पंपाचा माथा काढून आतले क्रीम तिच्यात काढून घेतले आहे. एअरलेस बाटलीचा हवेपासून बचाव करण्याचा फायदा यात जातो, म्हणून बोट न बुडवता लहान स्पॅट्युलाने घेते आणि खोक्यावरच्या उघड्या डबीच्या चिन्हात (उघडल्यानंतर किती काळ वापरावे हे ते सांगते) १२ महिने लिहिलेले असले तरी उरलेले क्रीम त्याआधी बरेच लवकर संपवणार आहे. डबीतून घेताना हवे तेवढेच, अगदी ठिपक्याएवढे क्रीम निघते, आणि गेल्या काही आठवड्यांत या क्रीमने जितके सुंदर काम केले तितके पंप चालू असताना कधीच केले नव्हते. कोरड्या आणि सामान्य त्वचेच्या व्यक्तींनी ते अवश्य घ्यावे. तेलकट त्वचेच्या व्यक्तींनी फक्त गालाच्या हाडापुरते वापरावे. हेच क्रीम अरुंद तोंडाच्या ट्यूबमध्ये आले तर मी शॅम्पेन शेडमध्ये त्याच दिवशी घेईन, पण या पंपाची दुसरी बाटली मी घेणार नाही.